मामांच्या गाडीची बखर आणि दफ्तर

प्रश्न : काका, स. न. वि. वि. तुमच्या सदरात जुन्या गाड्यांविषयी वाचते म्हणून हे पत्र. माझे मामा कलाभवनातून इंजिनिअर होऊन १९६८ साली अमेरिकेला गेले आणि ओहायोतल्या टोलीडोला स्थायिक झाले. १९७१ मध्ये त्यांनी कारखान्यातल्या एका सहकाऱ्याकडून पांढरी फोर्ड फेअरलेन घेतली, १९६४ ची. मामा नेहमी म्हणायचे, "ही साधी गाडी नाही, थंडरबोल्ट आहे. डेट्रॉइटच्या ड्रॅग रेसमध्ये हिने भल्याभल्यांना धूळ चारली आहे." गेल्या दिवाळीत मामा गेले. आता मामेभाऊ गाडी विकायचं म्हणतो. एक व्यापारी चांगली किंमत द्यायला तयार आहे, पण त्याला आधी रेसिंगचा पुरावा हवा. दुसरा म्हणतो, गाडी नकली आहे. तिसरा म्हणतो, आधी झकास रंगवून घ्या, मग बघू. आमच्याकडे वडोदऱ्यात आजीच्या पेटीतली मामांची पत्रं सोडली तर काहीही नाही. इथे बसून आम्हाला काय करता येईल?
— सौ. अ. म., दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ताई, हे उत्तर वाचायच्या आधी भावाला फोन करा आणि एवढंच सांगा की रंगाला हात लावू नकोस. धूळसुद्धा पुसू नकोस. तिसऱ्या माणसाचा सल्ला मानलात तर पहिल्याला हवा असलेला पुरावा तुम्ही स्वतःच्या पैशाने घासून टाकाल.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडं. ड्रॅग रेस म्हणजे सरळ रस्त्यावरची शर्यत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात आणि थांबलेल्या जागेवरून पाव मैल सुटतात. पाव मैल म्हणजे सुमारे ४०२ मीटर, शाळेच्या मोठ्या मैदानाची एक फेरी. अमेरिकेत या खेळाची मुख्य संघटना एनएचआरए, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी स्थापन केलेली. तिची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ आणि १९६० अशी दोन वर्षं डेट्रॉइट ड्रॅगवेवर झाली आणि १९६१ पासून इंडियानापोलिसला गेली. त्यामुळे मामांनी 'डेट्रॉइट' म्हटलं त्यात अशक्य काही नाही. टोलीडोहून डेट्रॉइट म्हणजे आपल्याकडे वडोदऱ्याहून अहमदाबादला जाऊन यावं तसं.

आणि थंडरबोल्ट? १९६४ मध्ये फोर्डने शर्यतीसाठी म्हणून शंभराच्या आसपास फेअरलेन गाड्या डिअरबॉर्न स्टील ट्यूबिंग या कंपनीकडून करून घेतल्या. आटोपशीर, साध्या दिसणाऱ्या दोन दारांच्या गाडीत ४२७ घनइंचाचं, म्हणजे सात लिटरचं इंजिन कोंबलं. ते मावावं म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे मनोरे कापूनछाटून घेतले. वजन कमी करायला बॉनेट आणि पुढचे मडगार्ड फायबरग्लासचे, खिडक्या प्लेक्सिग्लासच्या. रेडिओ नाही, हीटर नाही, गालिचा नाही. पुढचे आतले दोन दिवे काढून तिथे जाळी बसवली आणि त्या भोकांतून जाड नळ्यांनी हवा थेट कार्बोरेटरपर्यंत नेली. गाडी पाव मैल साडेअकरा-पावणेबारा सेकंदांत कापायची आणि शेवटच्या रेषेवर ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात असायची. गॅस राँडा या चालकाने त्याच वर्षी थंडरबोल्टवर एनएचआरएचं टॉप स्टॉक विजेतेपद मिळवलं. अशी गाडी आज खरी निघाली तर तिचं मोल मोठं. म्हणूनच साध्या फेअरलेनला ४२७ इंजिन बसवून केलेल्या प्रतिकृतीही खूप आहेत. दुसरा व्यापारी तुम्हाला मुद्दाम घाबरवतोय असं लगेच धरू नका.

माझे आजोबा गायकवाड सरकारच्या दफ्तरात मोडी वाचायचे. रियासतकार सरदेसाई सयाजीराव महाराजांच्या नोकरीत इथेच होते, त्या काळात दफ्तरातल्या लोकांमध्ये एक बोलणं सतत चालायचं : हे बखरीतलं की कागदातलं? बखर खोटी असते असं नाही. ती मागाहून लिहिलेली असते, ज्याच्या दारी लिहिली त्याचा मान राखून लिहिलेली असते. अस्सल कागद त्या दिवशीचा असतो, आणि ज्याने लिहिला त्याला आपल्या प्रश्नाची कल्पनाही नसते. मी मिशिगनमध्ये २५ वर्षं काढली, जुन्या ड्रॅग गाड्यांच्या मागे शेकडो रविवार घालवले, आणि तिथेही मला आजोबांचाच प्रश्न उपयोगी पडला. मामांचं वाक्य ही बखर आहे. आपल्याला दफ्तर शोधायचं आहे. आणि ताई, त्या दफ्तराचा पहिला रुमाल, म्हणजे कागदांचं गाठोडं, टोलीडोत नाही, तुमच्या आजीच्या पेटीत आहे.

पेटी दिवसाउजेडी उघडा. निळी एरोग्राम वेगळी काढा. एरोग्राममध्ये दुसरं काही घालायला टपाल खात्याची मनाई असे, त्यामुळे गाडीचा फोटो आला असेल तर तो लाल-निळ्या पट्ट्यांच्या पाकिटातून आला असणार. ती पाकिटं फाटकी असली तरी टाकू नका, तारखेचा शिक्का पाकिटावर असतो. फोटो सापडला तर त्याची पांढरी किनार बघा. त्या काळात अमेरिकेत धुतलेल्या फोटोंच्या किनारीवर बऱ्याचदा महिना आणि साल बारीक अक्षरांत छापलेलं असे. अर्थात ते फोटो छापल्याचं साल, काढल्याचं नव्हे. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहायचा. फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका. आहे तसा मोबाइलने नव्हे, स्कॅनरवर घ्या, आणि सुटा असेल तर मागची बाजूही घ्या.

मग भिंग घेऊन बसा. १९७१ मध्ये मामांनी गाडी घेतली त्या दिवशी ती कशी दिसत होती, हे आपल्याला हवंय. दारावर एखादं नाव पुसल्याची खूण आहे का? मागच्या चाकावरची कमान मूळ गोलाईची आहे की रुंद टायर बसावेत म्हणून हाताने कापून मोठी केलेली? पुढच्या बंपरखाली गाडी ओढून न्यायची दांडी बसवण्याचे कान आहेत का? तेव्हा हौशी लोक शर्यतीची गाडी ट्रेलरवर न नेता दुसऱ्या गाडीमागे बांधून न्यायचे. खिडकीच्या काचेवर पांढरी अक्षरं दिसली तर तो बुटाच्या पॉलिशने लिहिलेला वर्ग असतो, म्हणजे गाडी शर्यतीत ज्या गटात धावली तो गट. एस/एस असेल तर सुपर स्टॉक, एस/एसए असेल तर ऑटोमॅटिक गिअरची सुपर स्टॉक. १९६४ च्या थंडरबोल्ट मुख्यतः याच दोन वर्गांत धावल्या. फोटोत शर्यतीची सुरुवात दिसत असेल तर झेंडा धरलेला माणूस आहे की दिव्यांचा खांब, हेही बघा. 'ख्रिसमस ट्री' म्हणतात तो दिव्यांचा खांब १९६३ मध्ये आला. छोट्या मैदानांवर झेंडा पुढेही काही काळ राहिला, म्हणून ही खूण एकटीवर विसंबायची नाही.

पत्रंही वाचा, पण गाडीचा शब्द शोधत वाचू नका. मामांनी ज्याच्याकडून गाडी घेतली त्याचं नाव, तो कुठे राहायचा, त्याला मूल झालं, त्याची बदली झाली, असल्या ओळी शोधा. त्या विकणाऱ्याला आधी ही गाडी कोणी विकली, हा आपला पुढचा प्रश्न असणार आहे. आजीला लिहिलेल्या पत्रात मामा कार्बोरेटरबद्दल लिहिणार नाहीत. 'अमक्याच्या बायकोने केक पाठवला' हे मात्र लिहितील, आणि आपल्याला तो अमक्याच हवा आहे.

आता भावाने करायचं काम. गाडीचा नंबर इंजिनाच्या कप्प्यातल्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. थंडरबोल्टचा नंबर ४-एफ-४१-के असा सुरू होतो. ४ म्हणजे १९६४, एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना, ४१ म्हणजे फेअरलेन ५०० दोन दारांची सेडान, के हा इंजिनाचा संकेत. गंमत अशी की के हा ४२७ चा संकेत नव्हे, तो २८९ घनइंचाच्या जोरकस इंजिनाचा आहे. मोठं इंजिन गाडीला पुढे मिळालं, नंबर मात्र तोच राहिला. म्हणून के दिसला की नाचू नका, तशा साध्या गाड्याही निघाल्या होत्या. के नसेल तर मात्र मला फार शंका येईल.

इंजिनावर ओतकामाचे आकडे असतात. फोर्डच्या भागांवर सी४ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे तो भाग १९६४ सालासाठी आखलेला. शेजारी तारीख असते : आधी सालाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. ४ए१५ असेल तर १५ जानेवारी १९६४. पण इथे एक चूक खूप लोक करतात. तारीख १९६५ ची निघाली की गाडी नकली ठरवून मोकळे होतात. अहो, शर्यतीच्या गाडीचं इंजिन फुटायचंच. पहिलंच इंजिन अजून जागेवर असेल तर ती गाडी फारशी धावलीच नाही असं मी समजतो.

मागचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगचे पट्टे, बघायला सांगा. थंडरबोल्टचे डावे-उजवे पाटे सारखे नव्हते. इंजिनाच्या मरोडीने सुटताना मागचं उजवं चाक हलकं होऊन घसरतं, म्हणून त्या बाजूचे पाटे कडक केलेले. त्याच कारणाने ट्रकची जड बॅटरी डिकीत मागे ठेवलेली. हातमोज्याच्या कप्प्याच्या झाकणाआड एक पट्टी असायची. तिच्यात लिहिलं होतं की ही गाडी स्पर्धेसाठी हलकी केलेली आहे, तिचं बाहेरचं काम फोर्डच्या नेहमीच्या दर्जाचं असणार नाही. ती पट्टी आज नवी करून मिळते. म्हणून पट्टी वाचण्याआधी तिचे रिबीट बघा, आणि रिबीटभोवतीचा पत्रा साठ वर्षांचा दिसतो की काल भोक पाडल्यासारखा, ते बघा.

रंगाचं सगळ्यात शेवटी सांगतो, कारण माझा जीव त्यात आहे. थंडरबोल्टमधल्या पहिल्या ११ गाड्या वाईनसारख्या लाल रंगात आल्या, पुढच्या पांढऱ्या. तुमची पांढरी आहे. डॅशबोर्डच्या आतली बाजू, डिकीच्या रबराखालची कड, मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा, इथे बॅटरीचा, म्हणजे हातातल्या टॉर्चचा, उजेड पाडून बघायला सांगा. तिथे लाल निघाला तर मला रात्री बाराला फोन केलात तरी चालेल.

आणि दारं. १९८६ च्या हिवाळ्यात माझ्या एका वयस्क सहकाऱ्याने अशीच एक जुनी गाडी घेतली होती, थंडरबोल्ट नव्हे, पण त्याच काळातली. चार रंग चढलेले. त्याच्या गॅरेजमध्ये आम्ही दिवे घालवले आणि बॅटरी दारावर अगदी सपाट धरली, पत्र्याला टेकवून, की प्रकाश पृष्ठभागावरून सरपटत जावा. पाच-दहा मिनिटं काहीच नाही. मग हात थोडा खाली गेला आणि रंगाच्या खालून एक उंचवटा उभा राहिला, केसाइतका. पेंटरच्या ब्रशने ओढलेली एक शेपटी. इंग्रजी 'आर'ची. नाव हाताने रंगवलेलं असलं की त्या रंगाची जाडी वरच्या चार थरांतूनही जाणवते. आम्ही त्या रात्री अक्षरांच्या कडा ट्रेसिंग पेपरवर उतरवल्या. घासायला पुढचा महिनाभर हात लावला नाही. नंतर ६०० चा वॉटर पेपर, भरपूर पाणी, बोटाच्या टोकाएवढी जागा, एकेका थरापुरतं. शेवटी एका गाड्यांच्या दुकानाचं नाव आलं, आणि दुकानाच्या नावावरून गाव, आणि गावावरून तिथल्या वर्तमानपत्राची मायक्रोफिल्म. भावाला घासायला मी सांगत नाहीये. फक्त अंधार आणि बॅटरी. ते फोटो मला पाठवा.

दुकानाचं नाव मिळालं तर तोच धागा पुढे ओढायचा. तेव्हा थंडरबोल्ट फोर्डच्या विक्रेत्यांमार्फत जायच्या आणि बऱ्याच विक्रेत्यांचं नाव दारावर असायचं. गावाच्या ग्रंथालयात रविवारच्या शर्यतीचे निकाल सोमवारच्या अंकात सापडतात. एनएचआरएचं 'नॅशनल ड्रॅगस्टर' हे नियतकालिक १९६० मध्ये सुरू झालं. डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात बेन्सन फोर्ड संशोधन केंद्र आहे, तिथे पत्र लिहा. कोणी म्हणेल मार्टी रिपोर्ट मागवा. फोर्डच्या कारखान्याच्या नोंदींवरून मिळणारा हा अहवाल उत्तम असतो, पण तो १९६७ पासूनच्या गाड्यांचा. तुमच्या उपयोगाचा नाही.

आता माणसं. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. त्याच सहकाऱ्याच्या गाडीसाठी आम्ही एका जुन्या चालकाला गाठलं, पंच्याहत्तरीचा, डोळे अधू. मी उत्साहाच्या भरात घासून उघडं केलेलं दार त्याच्यापुढे फोटोत धरलं आणि विचारलं, "हीच ना तुमची?" तो म्हणाला हो. मी पुढे जे जे विचारलं त्याला तो हो म्हणाला. दोन वर्षांनी खरा जुना फोटो मिळाला, त्यात त्या चालकाच्या गाडीची मागची कमान वेगळी कापलेली होती. म्हणजे ती त्याची गाडी नव्हतीच. तोवर तो वारला होता. त्याला खरोखर आठवत असलेलं जे काही होतं, कुठल्या गाडीशी कोण धावलं, कोणी कोणाला विकलं, ते मी माझ्या शब्दांखाली दाबून टाकलं. म्हणून मामांना गाडी विकणाऱ्याचा मुलगा किंवा मुलगी सापडली तर फोटो दाखवू नका, थंडरबोल्ट हा शब्दही काढू नका. "तुमच्या वडिलांकडे १९७१ च्या आधी कुठल्या गाड्या होत्या?" एवढं विचारा आणि गप्प बसा. ध्वनिमुद्रण करा, त्यांना सांगून करा.

एक शक्यता मनात तयार ठेवा. गाडी साधी फेअरलेन निघेल आणि मामांना विकणाऱ्याने ती कथा गाडीसोबत विकली असेल. तसं निघालं तर व्यापाऱ्याला तेच सांगा. मात्र त्याहून जास्त वेळा मी एक तिसरीच गोष्ट घडताना पाहिली आहे : गाडी खरी, पण कीर्ती दुसऱ्या गाडीची. ती कुठल्यातरी लहान मैदानावर दोन हंगाम धावली, जिंकली, हरली आणि विकली गेली. तुमच्या मामेभावाला कदाचित त्यात राम वाटणार नाही. मला वाटतो. एका सोमवारच्या अंकात खालच्या कोपऱ्यात त्या गाडीचं नाव आणि ११.८४ असा एखादा आकडा छापलेला दिसला, तर तो दिवस पन्नास बखरींपेक्षा मोठा.

प्रश्न : काका, आमच्या वडिलांची १९६२ ची फियाट ११०० अजून मकरपुऱ्याच्या शेडमध्ये आहे. ते सांगत की ती शोलावरमला धावली होती. नोंदणी संपली आहे. आधी इतिहास शोधू की आधी आरटीओ?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : आरटीओ आधी. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये नियम आले. नोंदणी झाली की नंबरपट्टीवर 'व्हीए' अक्षरं येतात. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, तेव्हा मेकॅनिकने नवं इंजिन टाकायचा आग्रह धरला तर ऐकू नका.

शोलावरम म्हणजे चेन्नईच्या उत्तरेचा, दुसऱ्या महायुद्धातला विमानांचा धावपट्टा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब तिथे शर्यती भरवायचा. वडिलांच्या गाडीवर क्रमांक रंगवलेला असणार, पांढऱ्या गोलात. वरच्या उत्तरातला बॅटरीचा प्रयोग तुमच्या डाव्या दारावर करा. क्रमांक मिळाला तर वडिलांच्या कपाटात त्या शर्यतीची छापील पुस्तिका शोधा. स्पर्धकांची यादी क्रमांकानुसार असते. पुस्तिका नसेल तर चेन्नईच्या वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांकडे वळा. आणि शेडमध्ये पाणी गळतं असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, ते पहिलं थांबवा. ताडपत्री गाडीला चिकटवून टाकू नका, खाली दमट हवा कोंडते; वर दोन बांबू बांधून त्यावर टाका.